ढकलून बघितल्याशिवाय

परवा भाचीने व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नववीत आहे ती. गणित असं होतं : एका वस्तूवर १२ न्यूटन निव्वळ बल लावलं, २ सेकंदांत तिचा वेग ५ मीटर प्रति सेकंदवरून ११ वर गेला, तर वस्तूचं वस्तुमान काढा. खाली तिचं उत्तर होतं, ४ किलो, बरोबर. आणि त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं, "मामा, पण काट्यावर का नाही ठेवत?"

मी आधी नेहमीचं काहीतरी टाईप केलं, अगं परीक्षेला येतं म्हणून वगैरे, आणि मग डिलीट केलं, कारण प्रश्न खरंच चांगला आहे. आपण सगळ्यांनी हे गणित शाळेत केलंय. वेगातला फरक काढा, वेळेने भागा, त्वरण आलं, बलाला त्वरणाने भागा, वस्तुमान आलं, दोन मार्क. पण अशी वस्तू असते कुणाकडे, जिच्यावर किती जोर लागतोय ते माहितीये, वेग किती बदलला तेही माहितीये, आणि फक्त किती किलोची आहे तेवढंच माहीत नाही? किराणा दुकानात तर नक्की नसते, आणि मी किराणा दुकानातच वाढलोय.

आमच्या दुकानात आधी तराजू होता, दोन पारड्यांचा, लोखंडी वजनांचा, ज्यांच्यावर वजनमापवाले साहेब येऊन शिक्का मारून जायचे. रिकामी पारडी एका रेषेत आली नाहीत तर बाबा हलक्या बाजूला पासंग लावायचे, बारकासा खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा. तेव्हा मला ते सगळं फार जुनाट वाटायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला, लाल आकडे आले आणि मला वाटलं आता आपण सुधारलो. खरी गोष्ट अशी आहे की जुना तराजू एका बाबतीत त्या लाल आकड्यांपेक्षा हुशार होता. तराजूत दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ तितकीच असते, त्यामुळे ती ओढ कमी असली काय आणि जास्त असली काय, एक किलोच्या वजनासमोर एक किलोच साखर येणार. हाच तराजू चंद्रावर नेऊन दुकान टाकलं तरी गिऱ्हाईक फसणार नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचं तसं नाही, त्याच्या प्लेटखाली एक सेन्सर असतो आणि त्याला फक्त दाब कळतो, साखरेला पृथ्वी किती जोराने खाली खेचतेय तेवढं. आणि पृथ्वी सगळीकडे सारखी खेचत नाही, विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३, म्हणजे विषुववृत्तावर सेट केलेला काटा ध्रुवावर नेला तर किलोमागे पाचेक ग्रॅम जास्त दाखवेल. किराण्याला पाच ग्रॅमने काय होतंय म्हणा, पण सोनाराला विचारा.

तर काटा आपल्याला पृथ्वीच्या ओढीमार्फत उत्तर देतो, आणि आपण ते वस्तूचंच उत्तर समजतो. चालून जातं, कारण पृथ्वी कुठे जात नाही.

पण दुकानातच दुसरी एक माणसं होती ज्यांना काट्याशिवाय कळायचं. हमाल. हातगाडीवर पोती रचली की सगळा भार चाकांवर असतो, हमालाला तो उचलायचा नसतोच, रस्ता सपाट असेल तर पृथ्वीच्या ओढीशी त्याचं थेट काही भांडण नसतं. तरी पहिली दोन पावलं टाकताना तो असा वाकतो की डोकं जवळजवळ दांडीला टेकतं. एकदा चालायला लागली की गाडी बऱ्यापैकी जाते, आणि मग कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली की तीच गाडी थांबवताना परत तेवढेच हाल, आता फक्त मागे रेलून. उभी असेल तर उभीच राहीन, चालतेय तर चालतच राहीन, हा जो हट्ट आहे ना, वस्तुमान म्हणजे तो हट्ट किती मोठा आहे त्याचा आकडा. भाचीच्या गणितातलं वस्तुमान हे आहे. आपणही नकळत असंच मोजतो बरेचदा, सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय बघायला कुणी तो काट्यावर ठेवत नाही, धरून हलवून बघतात.

आता हे हट्टाचं वस्तुमान आणि ओढीचं वजन ही दोन्ही एकाच प्रमाणात का असावीत? दुप्पट हट्टी वस्तूला पृथ्वीने बरोब्बर दुप्पटच का ओढावं? हे आपण इतकं गृहीत धरतो की प्रश्नच पडत नाही. न्यूटनला पडला होता. त्याने दोन सारख्या लाकडी डब्या घेतल्या, ११-११ फुटांच्या दोऱ्यांना टांगल्या, लंबकासारख्या सोडल्या, आणि त्यांच्यात सारख्याच वजनाचे वेगवेगळे पदार्थ भरून बघितले की झोके बरोबरीने जातात का. त्याची यादी वाचून मला आमचं दुकान आठवलं : सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. हो, गहू! १६८७ च्या प्रिन्सिपिया या त्याच्या ग्रंथात गहू आहे. सगळे झोके सोबत चालले, हजारात एक भाग फरक असता तरी दिसला असता असं तो लिहितो. तीनशेहून जास्त वर्षांनी फ्रेंचांनी मायक्रोस्कोप नावाचा उपग्रह पाठवून टायटॅनियम आणि प्लॅटिनमवर तेच बघितलं, कितीतरी पटींनी बारकाईने, आणि तेव्हाही फरक सापडला नाही. का सापडत नाही हा विषय आइन्स्टाईनकडे जातो, तिकडे आज जायला नको.

भाचीला मी जे उत्तर पाठवलं ते अंतराळातलं होतं. कारण तिथे काटा खरंच चालत नाही. स्पेस स्टेशन साधारण ४०० किलोमीटरवर असतं, तिथे पृथ्वीची ओढ काही संपलेली नसते, जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते, पण स्टेशन, माणूस आणि पायाखाली ठेवलेला काटा हे तिघंही सोबतच पडत असतात, मग कोण कुणाला दाबणार? काटा शून्य दाखवतो. आणि वजन तर करावंच लागतं, हौस म्हणून नाही. तिथे स्नायू झिजतात, हाडं तर उपाय केले नाहीत तर महिन्याला एखाद टक्का घटतात, अंगातलं पाणी वर डोक्याकडे सरकतं, जेवण जात नाही. माणूस किती उतरला हे डॉक्टरला कळायलाच हवं.

यावर डोकं चालवलं विल्यम थॉर्नटन नावाच्या माणसाने, अमेरिकेच्या एअरफोर्समधला डॉक्टर, नंतर स्वतःही अंतराळवीर झाला. त्याची युक्ती म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली खुर्ची. अंतराळवीराने तिच्यात घट्ट बांधून घ्यायचं, खुर्ची एका बाजूला ओढून सोडायची, आणि ती पुढेमागे हलायला किती वेळ घेते ते मोजायचं. माणूस जितका जड तितका झोका संथ. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या स्पेस स्टेशनवर तीन टीम राहून आल्या, शेवटची तर ८४ दिवस, आणि त्यांची वजनं अशी खुर्चीत हलवून हलवून घेतली. थॉर्नटन स्वतः मात्र स्कायलॅबवर गेला नाही, त्याला अंतराळात जायला १९८३ उजाडलं, तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. मला अशा लोकांबद्दल उगाच आपुलकी वाटते.

आत्ताच्या स्पेस स्टेशनवर रशियन यंत्र त्याच जातीचं आहे, त्याला मिठी मारून बसायचं आणि ते माणसाला वरखाली हलवतं. अमेरिकन यंत्र मात्र थेट भाचीच्या गणितासारखं आहे. एक दांडा आहे, त्याला छाती-पोट टेकून, पाय गुंडाळून, अगदी काठीसारखं ताठ व्हायचं. स्प्रिंग त्या दांड्याला ठरावीक बलाने ओढते, बल आधीच माहितीये. माणूस किती वेळात किती सरकला हे यंत्र मोजतं, त्यावरून त्वरण, आणि भागाकार. ताठ का व्हायचं तर आपण काही दगड नाही, पोटातलं पाणी, आतडी, रक्त हे सगळं आतल्या आत हिंदकळतं, म्हणजे बाहेरचं अंग सरकायला लागलं तरी आतला ऐवज थोडा उशिरा निघतो, आणि मग आकडा डुगडुगतो.

याचा सगळ्यात भारी प्रयोग चिनी लोकांनी केला असं माझं मत. २० जून २०१३ ला वांग यापिंगने त्यांच्या त्यांगोंग-१ या अंतराळ प्रयोगशाळेतून शाळेच्या मुलांचा लाईव्ह तास घेतला, सहा कोटींच्या आसपास पोरं बघत होती म्हणे. तासाची सुरुवातच वजनाने. आधी तिने दोन स्प्रिंगना वेगवेगळ्या वजनाचे गोळे लावून दाखवले, दोन्ही स्प्रिंग सारख्याच, कुठलीच जास्त ताणलेली नाही. मग कमांडर न्ये हाइशंग भिंतीतून निघालेल्या यंत्राच्या दांड्याला चिकटले, त्यांना भिंतीपासून लांब ओढलं आणि सोडलं, स्प्रिंगने त्यांना सरळ परत भिंतीकडे नेलं, आणि पडद्यावर आकडा आला, ७४ किलो. मग तिने मुलांना सांगितलं की यामागे न्यूटनचा दुसरा नियम आहे, बल माहीत, त्वरण मोजलं, उरलं ते वस्तुमान. एक मोठा माणूस ड्रॉवर बंद झाल्यासारखा भिंतीत जातो ते बघायला गंमत वाटते. मी भाचीला तो व्हिडिओच पाठवला आणि वर लिहिलं, "काटा नाही म्हणून."

तिचा रिप्लाय : "ओके पण यानाचं वजन कसं करतात? त्याला भिंत कुठे?"

यानाला इंजिन असतं ना. १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ११ मोहिमेत हे मुद्दाम करून बघितलं होतं. जेमिनी यान अजीना नावाच्या दुसऱ्या यानाला कक्षेत जाऊन जोडलं गेलं, मग जेमिनीने इंजिन चालवून दोघांनाही ढकललं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हे आकडे गणित म्हणून येतात : बल ८९५ न्यूटन, ७ सेकंद, वेगात फरक ०.९३ मीटर प्रति सेकंद. ८९५ गुणिले ७ भागिले ०.९३, साधारण ६,७०० किलो, त्यातून जेमिनीचे ३,४०० वजा करा, अजीना उरलं ३,३०० च्या आसपास. बांधलेल्या पोत्याचं वजन करून पोतं वजा करतो तसंच की हे.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर माझ्या फार आवडीचं आहे. मंगळयान निघालं ५ नोव्हेंबर २०१३ ला, तेव्हा १,३३७ किलोचं होतं. पृथ्वीभोवती घिरट्या मोठ्या करत करत १ डिसेंबरला ते मंगळाच्या वाटेला लागलं आणि मोठं इंजिन बंद झालं. ते परत चालू करायचं होतं थेट मंगळापाशी, जवळपास दहा महिन्यांनी, आणि चाललंच नाही तर यान मंगळाला बाजूने टाटा करून निघून गेलं असतं. म्हणून दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ ला, इस्रोने त्या इंजिनाची छोटी चाचणी घेतली. ४४० न्यूटनचं इंजिन, साधारण ४ सेकंद, वेगात फरक सेकंदाला २.२ मीटरच्या आसपास. आता करा तोंडी : ४४० चोक १७६०, भागिले २.२, आठशे. निघताना १,३३७ किलोचं असलेलं यान आता साधारण ८०० किलोचं उरलंय, बाकीचं वाटेत जाळून झालं. कोट्यवधी किलोमीटर लांबच्या वस्तूचं वजन आपण ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या काढू शकतो. हे मला अजूनही खरं वाटत नाही.

(२४ तारखेचं खरं काम मात्र असं तोंडी होत नाही. तेव्हा इंजिन, आणि सोबतीला आठ छोटे थ्रस्टर, चाललं सुमारे २४ मिनिटं आणि अडीचशे किलोच्या आसपास इंधन संपलं. म्हणजे ज्याचं वस्तुमान काढायचं ते गणित चालू असतानाच कमी होत होतं. तिथे भागाकार सोडून लॉगरिदम लागतात आणि भाची नववीत आहे.)

या सगळ्यात एक शब्द मी गुपचूप पुढे ढकलत आणलाय, निव्वळ. निव्वळ बल, म्हणजे ढकलणारे आणि अडवणारे सगळे जोर मिळून शेवटी उरतो तो. अंतराळात ते सोपं आहे, इंजिनाशिवाय ढकलणारं-अडवणारं फारसं कुणी नाही. जमिनीवर आलं की सगळं अवघड होतं. हातगाडीला हमालाचा जोर लागतो पण चाकाचं घर्षण, रस्त्याचा चढ, समोरचा वारा सगळेच त्यात हात घालतात, आणि त्यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. पुस्तक म्हणतं घर्षण नगण्य माना. कसं मानणार? खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला सांगून बघा.

ट्रकवाल्यांनी यावर जी युक्ती काढलीये ती कळली तेव्हा मी अक्षरशः वाह म्हणालो. आजच्या ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकना स्वतःचं वजन माहीत असावं लागतं, नाहीतर कुठला गिअर कधी टाकायचा ते कळणार कसं, भरलेला आणि रिकामा ट्रक यात तिप्पट-चौपट फरक असतो. पण खाली काटा नाही. मग कॉम्प्युटर काय करतो, गिअर बदलायची वाट बघतो. गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. तेवढ्या क्षणात ट्रक जो हळू होतो तो फक्त घर्षण, चढ आणि वारा यांच्यामुळे. गिअर पडला की त्याच रस्त्यावर, त्याच चढावर, त्याच वाऱ्यात इंजिनाचा जोर परत लागतो आणि ट्रक वेग घेतो. दोन्ही वेळी अडवणारे तेच, फक्त इंजिन एकदा गैरहजर आणि एकदा हजर. दोन त्वरणांमधला फरक घेतला की अडवणारे सगळे आपोआप कटतात, इंजिनाच्या बलाला त्या फरकाने भागायचं, झालं. घर्षण किती होतं हे शोधायची गरजच पडली नाही! नगण्य मानण्यापेक्षा हे कितीतरी जास्त प्रामाणिक वाटतं मला.

हे भाचीला फोनवर सांगितलं तिथेच पुढचं सगळं ठरलं. रविवारी सकाळी ताईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही गाडी ढकलली. साहित्य : ताईची हॅचबॅक, बाथरूममधला स्प्रिंगचा जुना वजनकाटा, टेप, मोबाईलचं स्टॉपवॉच. काटा आडवा धरून डिकीच्या खालच्या पत्र्याला लावायचा आणि काट्यावरच हात ठेवून ढकलायचं, म्हणजे आपण किती जोर लावतोय ते समोर दिसतं. हा काटा वजन करायला आणलेला पण त्याला बिचाऱ्याला दाबच कळतो, तर इथे आपण त्याच्याकडून त्याचं खरं काम करून घेतलं. गाडी न्यूट्रलला, ताई स्टिअरिंगवर आणि माझ्यावर वैतागलेली, भाची घड्याळ घेऊन. वॉचमन काकांनी येऊन विचारलं बॅटरी उतरली का. नाही म्हटलं, वजन करतोय. ते जरा थांबले, काट्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत जाऊन बसले.

काटा एका जागी राहतच नव्हता, २२ ते २८ मध्ये नाचत होता, आम्ही २५ किलो धरले, म्हणजे २४५ न्यूटन. जागची सुटून १० मीटर जायला १२ सेकंद लागले, त्यावरून त्वरण साधारण ०.१४. तिथे मी हात काढला आणि गाडी आपली आपण थांबेपर्यंत १४ सेकंद गेले, म्हणजे उलटं त्वरण ०.१२. आता घर्षण नगण्य मानून २४५ ला नुसत्या ०.१४ ने भागलं तर गाडी १,७५० किलोची येते, ताईची छोटी गाडी एकदम मोठ्या एसयूव्हीच्या वजनाची! ट्रकवाली युक्ती लावून ०.१४ आणि ०.१२ ची बेरीज केली (दुसरं उलट्या दिशेचं, म्हणून दोघांतला फरक म्हणजे बेरीजच), ०.२६, की उत्तर येतं ९४० किलो. ताईने डॅशबोर्डमधून आरसी काढली, त्यावर गाडीचं वजन ८३५, अधिक ताई स्वतः ६२ (हे तिने बरंच अडखळत सांगितलं), एकूण ८९७.

भाची ४३ किलोंच्या फरकावर नाराज होती, मी मात्र जाम खूश. थोडा दोष माझ्या हातांचा, काटा नाचत होता तो काही उगाच नाही. पण थोडा दोष कुणाचाच नाही. गाडी पुढे जाते तेव्हा चाकं पुढे तर जातातच, वर गोल फिरतातही, आणि त्यांना फिरवायलाही जोर लागतो, तो काही काट्यावर ठेवून दिसत नाही. म्हणून ढकलून काढलेलं वस्तुमान आरसीपेक्षा काही टक्के जास्तच यायला हवं, ट्रकच्या कॉम्प्युटरलाही हे धरावं लागतं. तिला हे पटलं, पण अर्धवटच. आता तिला टायरमधली हवा कमी करून हेच परत करायचंय, म्हणजे घर्षण वाढेल, १२ सेकंद वाढतील, १४ कमी होतील, आणि तरी उत्तर तेच यायला पाहिजे, नाही आलं तर मामाची युक्ती खोटी. बोलतेय ते अगदी बरोबर. ताईने गाडीची किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलंय.